पहिली नोकरी, पहिलं अनुदान: सार्वजनिक आरोग्य संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

सार्वजनिक आरोग्यात संशोधन करायला निघालेला माणूस सहसा दोन वेगळे शोध घेत असतो. एकीकडे नोकरीच्या जाहिराती चाळायच्या, दुसरीकडे फेलोशिप आणि अनुदानांच्या याद्या जमवायच्या. खरं तर पहिली पाच-सात वर्षं या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. रिसर्च असिस्टंट, डेटा मॅनेजर, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनपद), पद कोणतंही असो, पगार बहुतेक वेळा कोणा वरिष्ठाने मिळवलेल्या अनुदानातून येतो आणि ते अनुदान संपलं की पदही संपतं. तुम्हाला स्वतःला मिळणारी पहिली मोठी फेलोशिपही मुख्यतः तुमचाच काही वर्षांचा पगार असते. म्हणून नोकरी शोधताना तिच्यामागचं अनुदान वाचायला शिकायचं, आणि अनुदान शोधताना त्यातून पुढची नोकरी कशी उभी राहील ते बघायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने लिहिल्या आहेत.

पायरी १: आधी तारखा लिहून काढा

निधी देणाऱ्या संस्था ‘अर्ली करिअर’ म्हणतात तेव्हा त्या सहसा वय बघत नाहीत. पीएचडी मिळाल्यापासून किती वर्षं झाली, किंवा पीएचडीनंतर संशोधनाचा किती अनुभव आहे, हे मोजतात. हे मोजमाप प्रत्येकीचं निराळं. युरोपियन युनियनच्या मेरी स्क्वोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी पीएचडीनंतर 8 वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं के99/आर00 हे अवॉर्ड पोस्टडॉकचा अनुभव 4 वर्षांपेक्षा जास्त नसलेल्यांसाठी आहे. अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांनाही त्याला अर्ज करता येतो, मात्र तिथल्या संस्थेमार्फत. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचं अर्ली-करिअर अवॉर्ड यापेक्षाही आधीच्या टप्प्यासाठी आहे. तिथे पीएचडीनंतरचा साधारण 3 वर्षांपर्यंतचा अनुभव धरतात.

तारखांचा दुसरा फेरा देशांचा. मेरी क्युरी फेलोशिप कोणत्याही देशाच्या नागरिकाला मिळू शकते, पण जिथे जायचं त्या देशात गेल्या 36 महिन्यांत तुम्ही 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावेत. जर्मनीत पीएचडी संपवून तिथेच थांबलेल्या माणसाला त्यामुळे जर्मनीतल्या संस्थेसाठी अर्ज करता येत नाही. शेजारच्या नेदरलँड्ससाठी मात्र करता येतो. वेलकमच्या बाबतीत यजमान संस्था (जिथे राहून तुम्ही काम करणार ती) कुठे आहे ते महत्त्वाचं. ब्रिटन, आयर्लंड आणि कमी व मध्यम उत्पन्नाचे देश चालतात, पण भारत आणि मुख्यभूमी चीन त्यात नाहीत. भारतातल्या संस्थांसाठी इंडिया अलायन्स ही वेगळी व्यवस्था 2008 पासून आहे.

बाळंतपण, आजारपण, घरच्या कोणाची देखभाल अशा कारणांनी पडलेला खंड बऱ्याच संस्था या मुदतीतून वजा करतात. पण तो तुम्हीच सांगावा लागतो, तारखांसकट. संकोचाने न सांगणारे अनेक जण पात्र असूनही अर्जच करत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा पहिलं काम असं करा. एका कागदावर पदव्यांच्या नेमक्या तारखा, प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट, खंड, आणि कोणत्या देशात केव्हापासून केव्हापर्यंत राहिलात, हे सगळं उतरवून ठेवा. पात्रतेच्या अटी या कागदाशी ताडून बघितल्या की निम्म्या याद्या दहा मिनिटांत गळतात आणि उरलेल्यांवर मन लावून काम करता येतं.

पायरी २: हा पैसा कशासाठी आहे ते ओळखा

अनुदानांच्या याद्या लांबलचक असतात, पण त्यांतला पैसा ढोबळपणे तीन हेतूंनी ठेवलेला असतो: माणूस घडवण्यासाठी, प्रश्न सोडवण्यासाठी, किंवा काम करता करता प्रशिक्षण देण्यासाठी. यांतला कोणता हेतू आहे हे न ओळखता लिहिलेला अर्ज कितीही चांगला असला तरी मागे पडतो.

माणसावर लावलेला पैसा म्हणजे फेलोशिप. वेलकमच्या अर्ली-करिअर अवॉर्डमध्ये साधारण 5 वर्षांचा पगार आणि त्याशिवाय संशोधनखर्चासाठी 4 लाख पौंडांपर्यंत रक्कम मिळते. विकसनशील देशांतल्या महिला शास्त्रज्ञांसाठी ओडब्ल्यूएसडी ही संस्था निवडक देशांत 50 हजार डॉलरपर्यंतची अर्ली करिअर फेलोशिप देते. अशा अर्जांत परीक्षक विचारतात: पाच वर्षांनी हा माणूस कुठे असेल? स्वतःचा गट उभा करेल का? त्यामुळे तुमच्या गाईडच्या कामापेक्षा तुमचा प्रश्न कुठे वेगळा होतो, हे तिथे स्पष्ट दिसायला हवं. गाईडचाच प्रकल्प पुढे ओढलेला दिसला की अर्ज तिथेच कमकुवत होतो.

प्रश्नावर लावलेला पैसा म्हणजे प्रकल्प अनुदान. नवख्यांना इथे मोठी रक्कम क्वचित मिळते, पण छोट्या रकमांची दारं उघडी असतात. रॉयल सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीनची अर्ली करिअर ग्रँट हे त्याचं चांगलं उदाहरण. 5 हजार पौंडांपर्यंतची रक्कम, वर्षभराचा प्रकल्प, आणि त्यासाठी पीएचडी असावीच लागते असं नाही. नुकतंच एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या आणि स्वतःच्या नावावर काहीही नसलेल्या माणसाने सुरुवात करायची तर माझा कौल अशाच अनुदानाला. रक्कम छोटी असली तरी प्रमुख संशोधक म्हणून तुमचं नाव लागतं. वेळेत पूर्ण केलेलं एक छोटं अनुदान पुढच्या परीक्षकाला जे सांगतं ते शिफारसपत्रं सांगू शकत नाहीत.

तिसरा प्रकार नवख्यांच्या नजरेतून बहुधा निसटतो, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. यात साथरोगशास्त्राचं, म्हणजे रोग कोणाला, कुठे आणि का होतात याच्या अभ्यासाचं, प्रत्यक्ष कामातून शिक्षण मिळतं, तेही मानधन किंवा पगारासह. अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेने 1951 मध्ये एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस सुरू केली. दोन वर्षं साथींच्या तपासात उतरायचं, शिकायचं आणि सेवाही द्यायची. त्याच धर्तीवर 1980 मध्ये थायलंडमध्ये फील्ड एपिडेमिऑलॉजी ट्रेनिंग प्रोग्रॅम, म्हणजे एफईटीपी, उभा राहिला आणि पुढे अनेक देशांत पसरला. त्यात तीन महिन्यांचा प्राथमिक टप्पा असतो, त्यावर मधला, आणि सर्वांत वर दोन वर्षांचा प्रगत अभ्यासक्रम. तो बहुधा आरोग्य मंत्रालयामार्फत चालतो, म्हणून विद्यापीठांच्या जाहिरातींत सापडत नाही; मंत्रालयाच्या किंवा राष्ट्रीय रोग नियंत्रण संस्थेच्या पानावर शोधावा लागतो. युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी 1995 पासून एपिएट ही याच जातीची दोन वर्षांची फेलोशिप आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आवारात चालणारा टीडीआर हा 1975 पासूनचा विशेष कार्यक्रमही या गटातला. कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना तो भागीदार विद्यापीठांत अंमलबजावणी संशोधनात (सिद्ध झालेले उपाय लोकांपर्यंत प्रत्यक्ष कसे पोहोचवायचे याच्या अभ्यासात) पदव्युत्तर शिक्षणासाठी मदत करतो. ढाक्याचं ब्रॅक विद्यापीठ आणि जोहान्सबर्गचं विटवॉटर्सरँड विद्यापीठ ही त्यांतली दोन. याच विषयावरचा टीडीआरचा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे. तो करून बघितल्यावर या प्रकारचं काम आपल्याला रुचतं का याचा अंदाज येतो.

पायरी ३: नोकरीमागचं अनुदान वाचा

जाहिराती कुठे बघायच्या याचं उत्तर सोपं आहे. मदतकार्य आणि विकासक्षेत्रातल्या जागा रिलीफवेब आणि डेव्हेक्सवर येतात, युरोपातल्या संशोधनाच्या जागा युराक्सेसवर, ब्रिटनमधल्या जॉब्स डॉट एसी डॉट यूकेवर. बाकी संस्थांची स्वतःची पानं. युरोपातल्या बऱ्याच देशांत पीएचडी हीच पगारी नोकरी म्हणून जाहीर होते, त्यामुळे ‘शिष्यवृत्ती’ शोधणाऱ्याला ती दिसतच नाही. ‘नोकरी’ असं शोधलं की दिसते.

कुठल्या प्रकारच्या जागी जावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. संधी मिळाली तर पहिली दोन-तीन वर्षं अशा ठिकाणी घालवा जिथे वर्षानुवर्षं एकाच लोकसंख्येची नोंद ठेवली जाते आणि संशोधन सतत चालू असतं. ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही आरोग्य-संशोधन संस्था, केनियातल्या किलिफीचा केमरी-वेलकम कार्यक्रम, गांबियातलं मेडिकल रिसर्च कौन्सिलचं केंद्र ही या प्रकारची नावाजलेली ठिकाणं. तिथे डेटा मॅनेजर म्हणून रुजू झालेला माणूस प्रश्नावली छापण्यापासून चुकलेल्या नोंदी दुरुस्त करण्यापर्यंत सगळं शिकतो. डेटा मॅनेजरच्या पदाकडे अनेक जण कमीपणाने बघतात. पण अभ्यासाचा डेटा ज्याने स्वतः साफ केलाय, त्याला त्या अभ्यासाच्या मर्यादा इतर कोणाहीपेक्षा नीट माहीत असतात, आणि लेख लिहायची वेळ आली की त्याच्याशिवाय कोणाचं पान हलत नाही.

याखेरीज कर्करोगाच्या संशोधनासाठी फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आयएआरसी ही संस्था आहे. आणीबाणीच्या जागी साथरोगशास्त्र करायचं असेल तर मेदसां सां फ्रोंतिएर या वैद्यकीय मदत संस्थेशी जोडलेली, 1986 मध्ये स्थापन झालेली एपिसेंटर आहे. स्वयंसेवी संस्थांत ‘मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन’ (कार्यक्रमांची देखरेख आणि मूल्यमापन) या नावाने निघणाऱ्या जागा पुष्कळ असतात. त्यांत संशोधन कमी आणि अहवाल जास्त असा धोका असतो, म्हणून मुलाखतीत नीट विचारून घ्या.

मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात तेव्हा गप्प बसू नका. हे पद कोणत्या अनुदानातून आहे आणि ते अनुदान केव्हा संपतं? मुदतवाढीचा अर्ज गेलाय का? मी गोळा केलेल्या किंवा साफ केलेल्या डेटावर मला लेख लिहिता येईल का, आणि लेखकांची यादी कशी ठरते? माझ्या आधी या पदावर असलेली व्यक्ती आता कुठे आहे? हे प्रश्न उद्धट नाहीत. चांगला पीआय (प्रमुख संशोधक) त्यांची उत्तरं सहज देतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विशेष लक्ष देऊन ऐका. आधीची माणसं पीएचडीला गेली, दुसऱ्या गटात वरच्या पदावर गेली, असं कळलं तर जागा चांगली आहे. उत्तर टाळलं गेलं तर सावध व्हा. अनुदानाचे आठच महिने उरले असतील तरी नोकरी नाकारायलाच हवी असं नाही. रुजू झाल्या दिवसापासून पुढचं बघायचं, एवढं त्यातून कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेबद्दल सगळेच विचारतात. तिथल्या इंटर्नशिपला 2020 पासून मानधन मिळतं. ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर या पदांचा खर्च त्या त्या देशाचं सरकार उचलतं, म्हणून कोणत्या देशाच्या नागरिकांना अर्ज करता येईल हेही ते सरकारच ठरवतं. आधी ती यादी बघा. बाकी नियमित पदांसाठी काही वर्षांचा अनुभव लागतो. सध्या तिथे एकूणच हात आखडता आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी ४: प्रश्न हातात मावेल एवढा करा

छोट्या अनुदानाचे अर्ज बहुधा एकाच कारणाने पडतात: प्रश्न फार मोठा असतो. एक उदाहरण जवळून बघू.

समजा पहिल्या खर्ड्यात तुम्ही लिहिलंय, ‘प्रौढांमधील उच्च रक्तदाबाची कारणे आणि उपचारांतील अडथळे यांचा सर्वंकष अभ्यास’. यावर आयुष्य जाईल. आता तोच विषय असा लिहा: ‘प्राथमिक आरोग्य केंद्रात उच्च रक्तदाबाचं निदान होऊन गोळ्या सुरू झालेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांनीही गोळ्या न्यायला येतात, आणि जे येत नाहीत ते नेमके कितव्या भेटीनंतर थांबतात?’ लगेच सगळं जागेवर येतं. माहिती केंद्राच्या रजिस्टरमध्येच आहे. कोणाला मोजायचं, कधीपर्यंत मोजायचं हे ठरलेलं आहे. त्याला जोड म्हणून येणं थांबलेल्यांपैकी वीसेक जणांच्या मुलाखती घेता येतील. आणि मुख्य म्हणजे उत्तरावरून निर्णय बदलतो. बहुतेक जण पहिल्याच भेटीनंतर गळत असतील तर पहिल्या दिवशीच्या समुपदेशनावर भर द्यावा लागेल. चौथ्या-पाचव्या महिन्यात गळत असतील तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याचा विचार करावा लागेल. ‘या निष्कर्षाचा उपयोग कोणाला?’ या रकान्यात हेच लिहायचं. ‘धोरणकर्त्यांना उपयुक्त ठरेल’ हे वाक्य परीक्षकाने शेकडो अर्जांत वाचलेलं असतं.

हाती काहीच नसेल तर खुल्या डेटावर पहिला लेख करा. युनिसेफची मल्टिपल इंडिकेटर क्लस्टर सर्व्हे ही पाहणी 1990 च्या दशकापासून अनेक देशांत होत आली आहे आणि तिचा डेटा नोंदणी केल्यावर मोफत मिळतो. विश्लेषणासाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. निरीक्षणात्मक अभ्यास (ज्यात स्वतः उपचार न देता फक्त नोंदी बघतात) लिहिताना स्ट्रोब ही, लेखात काय काय असायला हवं याची यादी शेजारी ठेवा, म्हणजे काही राहून जाणार नाही.

पायरी ५: बजेट माणसांपासून सुरू करा

नवखे लोक बजेटमध्ये आधी लॅपटॉप आणि टॅबलेट लिहितात. उलट करा. आधी माणसं लिहा: घरोघर जाणाऱ्यांचा मोबदला, त्यांचा प्रवास, सहभागी होणाऱ्यांचा बुडालेला वेळ आणि प्रवासखर्च. मग कामं: संमतीपत्राचं भाषांतर आणि पडताळणीसाठी उलट भाषांतर, एथिक्स कमिटीचं (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचं) शुल्क, मुलाखतींचं टंकलेखन. या शेवटच्या बाबीत भलेभले फसतात. एका तासाच्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला चार ते सहा तास सहज लागतात. वीस मुलाखती असतील तर ते आठवड्यांचं काम आहे, आणि ते फुकट करून घेण्याची वेळ आली की बोजा तुमच्यावर किंवा एखाद्या विद्यार्थ्यावर पडतो. टॅबलेट संस्थेकडून उसने मिळतात. कष्टाचे तास उसने मिळत नाहीत.

संस्था अनुदानातून काही टक्के व्यवस्थापनखर्च कापते का, आणि देणारी संस्था तो मान्य करते का, हे तुमच्या हिशोब विभागाला अर्ज करण्याआधी विचारा. पाच हजारांतले पाचशे असे गेले तर आखणीच कोलमडते.

पायरी ६: यजमान शोधा, ईमेल छोटा ठेवा

फेलोशिपला यजमान संस्था आणि मार्गदर्शक लागतोच. ‘आदरणीय प्राध्यापक, मला सार्वजनिक आरोग्यात प्रचंड रस आहे’ असा शंभर जणांना पाठवलेला ईमेल उघडल्या उघडल्या बंद होतो. त्याऐवजी मजकूर साधारण असा असू द्या:

‘नमस्कार. लसीकरण अर्धवट राहणाऱ्या बालकांबद्दलचा आपल्या गटाचा लेख वाचला. दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसमधली गळती तुम्ही दाखवली आहे, पण स्थलांतर करणारी कुटुंबं त्या नमुन्यात नव्हती. गेली दोन वर्षं मी अशाच कुटुंबांच्या नोंदींवर काम करतोय आणि या प्रश्नावर येत्या फेरीत फेलोशिपसाठी अर्ज करायचा विचार आहे. एक पानाचा आराखडा जोडला आहे. यजमान म्हणून आपल्याला रस असेल तर वीस मिनिटं बोलता येईल का?’

एवढंच. दोन आठवड्यांनी एक आठवण पाठवा, मग पुढच्या नावाकडे वळा. मार्गदर्शक निवडताना नावाच्या मोठेपणापेक्षा त्याच्याकडे वेळ आहे का ते बघा. त्याच्या सध्याच्या विद्यार्थ्यांपैकी एकाशी बोललात तर अर्ध्या तासात सगळं चित्र कळतं. आणि हे डेडलाईनच्या आधी किमान चार-पाच महिने करा. मेरी क्युरीसारख्या फेलोशिपची मुदत बहुधा सप्टेंबरात संपते, आणि ऑगस्टमध्ये युरोपातली निम्मी माणसं सुट्टीवर असतात.

पायरी ७: लिहिण्याआधी मिळालेले अर्ज वाचा

कोणाला पैसे मिळाले हे गुपित नसतं. एनआयएचच्या रिपोर्टर या शोधपानावर मंजूर प्रकल्पांचे सारांश सापडतात, युरोपचे कॉर्डिसवर, ब्रिटनचे गेटवे टू रिसर्चवर. तुमच्या विषयाचे दहा सारांश वाचा. त्या संस्थेला कोणते शब्द, किती आकाराचे प्रश्न आणि कोणत्या पद्धती पटतात ते लक्षात येतं. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे ज्याला ते मिळालंय त्याच्याकडे पूर्ण अर्ज मागणं. बरेच जण आनंदाने देतात, फक्त विचारावं लागतं.

मग गुण कसे देतात ते शोधा. मेरी क्युरी फेलोशिपमध्ये गुणवत्तेला 50 टक्के, परिणामाला 30 टक्के आणि अंमलबजावणीला 20 टक्के वजन आहे. म्हणजे पद्धतीवर सात पानं आणि परिणामावर अर्धं पान लिहिलं तर 30 टक्के गुण तुम्ही स्वतःच सोडून दिले. एनआयएचच्या अर्जात उद्दिष्टांचं एक पान असतं. परीक्षकांच्या बैठकीतले बरेच सदस्य तेवढंच मन लावून वाचतात. तुम्ही कुठेही अर्ज करत असाल तरी आधी तसं एक पान लिहा आणि तुमच्या विषयाबाहेरच्या माणसाला वाचायला द्या. प्रश्न काय, तो आताच का, तुम्हीच का, आणि काय हाती लागेल, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं नाही तर पान पुन्हा लिहा. बाकीचा प्रस्ताव त्यानंतर.

शिफारसपत्र देणाऱ्याला किमान महिनाभर आधी सांगा आणि सोबत तुमचा सीव्ही, ते एक पान, आणि पत्रात काय यावं असं वाटतं त्याचे तीन-चार मुद्दे पाठवा. संस्थेच्या ग्रँट ऑफिसची अंतर्गत मुदत बाहेरच्या मुदतीच्या आधी आठवडा-दोन आठवडे असते. ती चुकली तर अर्ज तयार असूनही जात नाही.

पायरी ८: एकाच देशाच्या पैशावर विसंबू नका

2025 मध्ये या क्षेत्राखालची जमीन सरकली. अमेरिकेने जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला, यूएसएआयडी ही परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था जुलैपर्यंत बंद झाली, आणि तिच्या पैशावर दशकानुदशकं चाललेल्या डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेसारख्या पाहण्याही थांबल्या. परदेशी संस्थांना अमेरिकी अनुदानातून मिळणाऱ्या उप-अनुदानांची पद्धत बदलण्याची घोषणा एनआयएचने मे महिन्यात केली. जागतिक आरोग्य संघटनेने 2026-27 चं बजेट 5.3 अब्ज डॉलरच्या मूळ प्रस्तावावरून 4.2 अब्जांवर आणलं. यात हजारो अनुभवी माणसांच्या नोकऱ्या गेल्या आणि ती आता तुमच्याच बरोबरीने अर्ज करतायत. 2025 च्या मेरी क्युरी पोस्टडॉक्टरल फेरीला 17 हजारांहून अधिक अर्ज आले, तोवरचे सर्वाधिक.

यातून करायच्या गोष्टी अशा. नोकरी स्वीकारण्याआधी पैसा कोणत्या देशातून येतोय ते विचारा. दोन-तीन वेगवेगळ्या देशांतल्या किंवा वेगवेगळ्या प्रकारच्या निधीसाठी समांतर अर्ज ठेवा. स्वतःच्या देशाची वैद्यकीय संशोधन परिषद आणि आरोग्य मंत्रालय यांना कमी लेखू नका. तिथली रक्कम लहान असली तरी ती सहसा एका रात्रीत आटत नाही. जुनी यादी हाती आली तर त्यातली फेरी अजून उघडी आहे का हे मूळ संस्थेच्या पानावर जाऊन बघितल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

टंचाईच्या काळात फसवणूकही वाढते. नोकरी किंवा फेलोशिप देण्यासाठी पैसे मागणारा कोणीही खरा नसतो. जागतिक आरोग्य संघटना भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही, असं ती स्वतः जाहीर करते. सीव्ही भरण्यासाठी दोन आठवड्यांत लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांपासूनही लांब राहा. परीक्षक ती नावं ओळखतात.

पायरी ९: निकालानंतर

नकार आला तर परीक्षकांचे शेरे त्याच दिवशी एकदा वाचून बाजूला ठेवा. आठवड्याने परत काढा आणि प्रत्येक शेऱ्यासमोर लिहा: हे बरोबर आहे म्हणून बदलतो, हे मी नीट सांगितलं नाही म्हणून पुन्हा लिहितो, किंवा हे मला पटत नाही आणि त्याचं कारण असं. दुसऱ्या प्रकारचे शेरे सगळ्यांत जास्त निघतात. एनआयएचमध्ये तोच अर्ज सुधारून 37 महिन्यांच्या आत एकदा परत पाठवता येतो. इतर संस्थांचे नियम वेगळे, पण सुधारलेला प्रस्ताव दुसऱ्या संस्थेकडे नेण्याला कोणाचीच आडकाठी नसते. स्पर्धा एवढी आहे की चांगले अर्जही पडतात. एक नकार म्हणजे तुमच्या प्रश्नावरचा निवाडा समजू नका.

होकार आला तर पहिलं काम एथिक्स कमिटीकडे कागद देण्याचं. त्यांच्या बैठका ठरावीक दिवशी होतात, दुरुस्त्या सुचवल्या की पुढच्या बैठकीची वाट बघावी लागते, आणि मंजुरीआधी एकही सहभागी घेता येत नाही. वर्षभराच्या अनुदानातले तीन महिने यात सहज जातात, म्हणून शक्य असेल तर निकाल येण्याआधीच मसुदा तयार ठेवा. खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका ठिकाणी जमा करा, कारण अंतिम अहवालासोबत हिशोब मागतात आणि तो अडकला तर शेवटचा हप्ता अडकतो. आणि पुढचा अर्ज अनुदान संपायच्या किमान वर्षभर आधी सुरू करा. मोठ्या संस्थांत अर्ज दिल्यापासून पैसा हातात येईपर्यंत नऊ-दहा महिने जातात, आणि त्या मधल्या महिन्यांत तुमच्या फील्डवर्करचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, हे आता पीआय म्हणून तुम्हालाच ठरवायचं असतं.